पगार निम्मा करून बघा

२०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या १११ शहरांना मार्क दिले, राहायला कोण बरं ते ठरवलं आणि पहिला नंबर दिला पुण्याला. दुसरी नवी मुंबई, तिसरी मुंबई. तेव्हा मी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्या बातमीचा फोटो काढून घरी दाखवला होता. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली. त्यात बंगळुरू पहिलं, पुणं दुसरं. म्हणजे राज्यापुरतं बोलायचं तर पुणं दोन्हीदा टॉपर.

तेव्हापासून मुंबईत दोन वर्षं आणि पुण्यात चार वर्षं काढून झाली. कॅन्टीनमध्ये दर पंधरा दिवसांनी तोच वाद होतो. पुणं की मुंबई? मग नाशिकवाला हवामान काढतो, नागपूरवाला रुंद रस्ते काढतो, कोल्हापूरवाला काही न बोलता तांबडा-पांढरा काढतो आणि जिंकतो. मिसळ, मराठी, बायकांना रात्री सेफ वाटतं का, सवाई, समुद्र... सगळं येतं. येत नाही ते फक्त एक. पाणी कुठून येतं, ऑफिसला कसा पोचतोस, आणि यासाठी महिन्याला खिशातून किती जातात, हे कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून हा वाद म्हणजे निव्वळ टाइमपास. त्यात शहर नसतंच, त्यात आपापल्या आवडी असतात.

माझी टेस्ट सोपी आहे. तुमचा पगार निम्मा करून बघा. मनातल्या मनात हो, एचआरला सांगू नका. :-) आणि मग विचारा की शहरातलं काय काय शिल्लक राहिलं. जे राहिलं ते शहराचं, जे गेलं ते तुम्ही विकत घेतलेलं होतं. हा काही काल्पनिक खेळ नाहीये. २०२५ च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा आमच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीचे लोक असूनही दोन दिवस कोणी मोठ्याने हसलं नव्हतं.

तर, पुण्यापासून सुरू करू.

पुण्यात पगार निम्मा केला की पहिल्यांदा जातं ते पेट्रोल. आणि पेट्रोल गेलं की शहरच गेलं, कारण गाडीशिवाय पुण्यात तुम्ही कुठेच पोचत नाही. २०१८ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी पहिला नंबर आला त्याच वर्षी, पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या नावावर एक गाडी आणि वर काही शिल्लक! हे सुबत्तेचं लक्षण म्हणून सांगणारे लोक मी पाहिलेत. अहो, ती सुबत्ता नाही, तो दंड आहे. बस नाही म्हणून प्रत्येक घराने भरलेला दंड.

बस का नाही? डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग पुण्यात झाला. पुढच्याच वर्षी पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली. म्हणजे कल्पना सगळ्या वेळेवर होत्या. पण बससाठी राखलेल्या लेनमध्ये गाड्या घुसल्या, मग गाडीवाल्यांनीच 'लेन अडचणीची आहे' म्हणून ओरडा केला, आणि शेवटी नगर रस्त्यावरची लेन तर चक्क उखडून टाकली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतोय? २००६ च्या सुमाराला बांधला आणि २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रोला आडवा येत होता. चौदा वर्षं! आपल्याकडे कोणी चौदा वर्षांत टाकून द्यावं लागेल असं आर्किटेक्चर केलं तर त्याला पुढच्या अप्रेझलला काय ऐकून घ्यावं लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे कोणाला काही ऐकावं लागलं नाही.

मेट्रोचं भूमिपूजन २०१६ च्या डिसेंबरात, पहिला तुकडा सुरू झाला मार्च २०२२ मध्ये, स्वारगेटपर्यंत भुयारातून पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ठीक आहे, चांगली आहे, मी वापरतो. पण गंमत बघा, राज्यातला सगळ्यात मोठा आयटी पार्क जिथे आहे त्या हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं आणि त्यानंतरची सात वर्षं आम्ही नुसते खांब मोजले. हिंजवडीबद्दल तर एक गोष्ट लोकांना सांगितली की खोटी वाटते. लाखो इंजिनिअर जिथे रोज जातात ती वसाहत उभी राहिली ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत. प्लॉट एमआयडीसीचे, रस्ता कोणाचा ते विचारायचं नाही, ओढे-नाले तर कोणाचेच नाहीत. मग २०२५ च्या पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचलं की व्हिडिओ देशभर फिरतात आणि आपण म्हणतो, 'प्रशासन झोपलंय.' झोपायला आधी तिथे कोणी असावं लागतं ना!

आणि पाणी. इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळा मुद्दाच इथे आहे.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं. मिळून साधारण २९ टीएमसी. शहराच्या इतक्या जवळ, इतक्या उंचीवर एवढं पाणी असणं हे नशीब फार थोड्या शहरांना मिळतं. जुन्या पुण्यातल्या माणसाला म्हणूनच पाण्याचा प्रश्न समजत नाही, त्याच्या नळाला पिढ्यानपिढ्या पाणी आहे. पण आपण सदाशिव पेठेत राहत नाही. आपण राहतो वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडीच्या पलीकडे, सिंहगड रोडच्या टोकाला. महापालिकेने २०१७ मध्ये ११ गावं आत घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात पुणं मुंबईच्या पुढे गेलं म्हणून पेढे वाटायचं तेवढं बाकी होतं. गावं आत आली, त्यांच्या जमिनींवर आधीच पंधरा-वीस मजली टॉवर उभे होते, आणि त्यांच्यापर्यंत पाइप नव्हता. टॉवरला परवानगी मिळाली कशी? बिल्डरने लिहून दिलं की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन. पझेशन झालं, सोसायटी झाली, बिल्डर पुढच्या प्रोजेक्टला गेला आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये आलं.

जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. हातापायातली ताकद जाणारा आजार. आकडा दोनशेच्या आसपास गेला, काही जण व्हेंटिलेटरवर, काही जण दगावले. संशयाची सुई फिरली ती पिण्याच्या पाण्याकडे. आणि ही गावं कुठली, तर हद्दीत नव्याने आलेली. धरणाच्या भिंतीपासून चार-पाच किलोमीटरवर राहणारी माणसं पाण्याने आजारी पडतात, याला दुष्काळ म्हणत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर आहे, लोड वाढवलाय, आणि मधलं कनेक्शन कोणी लिहिलेलंच नाही.

पुण्याचा माणूस आता म्हणेल, पण संस्कृती? मान्य. सवाई आहे, भरतला प्रायोगिक नाटकं होतात, पुस्तकांची दुकानं आहेत. पण वाकडला राहून, सात वाजता लॅपटॉप बंद करून, भरत नाट्य मंदिरात तुम्ही गेल्या वर्षी किती वेळा गेलात? मी मोजलं, दोनदा. त्यातल्या एका वेळेला पार्किंग शोधता शोधता पहिला अंक गेला. संस्कृती मध्यभागी आणि आपण परिघावर. या दोघांना जोडणारी बस रात्री साडेदहानंतर मिळत नाही, हा संस्कृतीचाच प्रश्न आहे की.

आता मुंबई. मुंबईत निम्म्या पगाराने पहिल्यांदा जातं ते घर. अगदी लगेच जातं. वन आरके कुर्ल्यात असेल तर बदलापूरला जावं लागतं. हे काही लहान दुखणं नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहत होती, त्यात बँकेत काम करणारे होते, पोलीस होते. मुंबईचं कौतुक करणाऱ्याने हा आकडा आधी बोलावा आणि मग पुढे जावं.

पण घर सोडलं तर बाकीचं बघा. लोकलचा सेकंड क्लासचा पास राहतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि त्या रुळांच्या कडेने हे शहर वाढलं. आधी रूळ, मग माणसं. पाणी राहतं. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. तुळशी-विहार सोडले तर शंभरेक किलोमीटर लांबून, बरंचसं उतारानेच वाहत येणारं पाणी. बहुतेक भागांत दिवसातून काही तासच येतं, पण रोज येतं. (संभाजीनगरच्या माणसाला या 'रोज' शब्दाची किंमत विचारा. त्यावर येतोच.) झोपडपट्टीला ते नीट मिळत नाही, आणि बेकायदा वस्तीलाही पाण्याचा हक्क आहे हे सांगायला डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, हेही खरं. दवाखाना राहतो. केईएम, नायर, सायन ही महापालिकेची मेडिकल कॉलेजं आहेत, कित्येक दशकांची पुण्याई आहे ती. पुणे महापालिकेचं स्वतःचं मेडिकल कॉलेज सुरू व्हायला २०२२ साल उजाडलं. हा फरक कुठल्या इंडेक्सच्या पहिल्या नंबरात दिसतो, मला सांगा.

म्हणजे मुंबई महान का? नाही. मुंबई आजोबांच्या कमाईवर बसून खाणाऱ्या घरासारखी झालीये. बेस्टचंच बघा. २०१९ मध्ये किमान तिकीट पाच रुपये केलं, लोकांनी दुवा दिला. पण बसगाड्या कमी कमी होत गेल्या, आणि मे २०२५ मध्ये तिकीट दुप्पट, एसीचं बारा रुपये. त्याच शहरात कोस्टल रोडवर सुमारे १४ हजार कोटी खर्च झाले. त्या रस्त्यावरून कोण जातं ते आपल्याला माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडली. सकाळी कामाला निघालेली माणसं, निम्म्या पगारातली. मुंबईत जगणं स्वस्त ठेवणारी गोष्ट हीच जीव घेणारी गोष्ट आहे, आणि 'मुंबई स्पिरिट' म्हणणाऱ्या माणसाला मी तरी यापुढे चहा पाजणार नाही.

नाशिक आणि नागपूर थोडक्यात, कारण तिथे मी राहिलेलो नाही, नुसता जाऊन-येऊन आहे. नाशिक हवेने, पाण्याने, आकाराने राहण्यासारखं आहे. एचएएल आहे, नोटांचा छापखाना आहे, मोठे कारखाने आहेत. आपल्यासारख्यांना नोकऱ्या मात्र मोजक्या. आणि पुण्याहून नाशिकला थेट रेल्वेमार्ग नाही! राज्यातली दोन मोठी शहरं, मधे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, आणि गाडीने जायचं तर कल्याणला वळसा घाला नाहीतर मनमाडला. सेमी हायस्पीड रेल्वेचा नकाशा इतकी वर्षं फिरतोय की त्याचा पहिला प्रवास कागदावर पूर्ण झाला असेल. वाटेत खोडदची रेडिओ दुर्बीण आली, नकाशा पुन्हा काढला. तोवर नारायणगावच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये बसा आणि द्राक्षं खा.

नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आणि ते दिसतं. रस्ते, झाडं, मोकळी मैदानं ही राजधानीची मिळकत. मार्च २०१९ मध्ये, पुण्याच्या तीन वर्षं आधी, तिथे मेट्रो धावली. चोवीस तास पाण्याचा मोठा करार तिथेच २०१२ मध्ये लागू झाला, अजून सगळीकडे चोवीस तास आलं नाही तो भाग वेगळा. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल गेल्या. तरीही दिवाळीत पुणे-नागपूर गाडीचं तिकीट मिळत नाही, विमानाचं बघवत नाही, आणि आमच्या टीममधला प्रत्येक तिसरा माणूस 'आमच्याकडे' म्हणून सुरुवात करतो ते वाक्य वर्धा रोडवर संपतं. ऊन म्हणाल तर आहेच, पंचेचाळीस. पण ऊन कोणी पुण्याला पळून येण्याएवढं कारण नाही. पळून आणते ती नोकरी.

कोल्हापूरचा उलटा प्रकार. १९७२ मध्ये महापालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द तसूभरही वाढली नाही. पुण्याने ३४ गावं खाल्ली आणि पचवली नाहीत, कोल्हापूरने उपासच केला.

आता आमचं संभाजीनगर. नाथसागर, म्हणजे जायकवाडी, शंभर टीएमसीच्या वरचं धरण. पुण्याची चारही धरणं एकत्र केली तरी त्याच्या एक तृतीयांश भरत नाहीत. ते पैठणला, शहरापासून गाडीने तासाभरावर. आणि शहरातल्या नळाला पाणी? आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, हे वर्षानुवर्षं चाललं. तिथे वाढलेल्या मुलाला कॅलेंडरवर पाण्याच्या तारखा पाठ असतात. लग्नाची तारीख काढताना पाण्याचा दिवस बघणारी घरं मला माहीत आहेत. समांतर जलवाहिनी नावाची योजना मी शाळेत असताना गाजली आणि २०१६ मध्ये करार रद्द होऊन बुडाली. मग डिसेंबर २०२० मध्ये नवीन योजनेचं भूमिपूजन झालं, १,६८० कोटींची. खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. मुद्दा काय, तर पाणी कधीच कमी नव्हतं. एक पाइप टाकायला एक पिढी गेली.

पण याच शहरात मी एक गोष्ट अशी बघितलीये की त्यावर माझं हे सगळं म्हणणं उभं आहे. आमचं घर सिडकोत, एन-सिक्सला. लहानशी रो-हाउसं, पण प्रत्येक गल्लीच्या टोकाला मोकळी जागा, चालत जाण्याएवढ्या अंतरावर शाळा, भाजीची दुकानं एका ओळीत, रस्त्याला रस्ता काटकोनात. जुन्या शहरातला मित्र यायचा तेव्हा म्हणायचा, 'तुमच्याकडं पत्ता सांगता येतो राव!' सिडकोने हे काही श्रीमंतांसाठी बांधलं नव्हतं. वाळूजच्या कामगारांसाठी, क्लार्कसाठी, मास्तरांसाठी बांधलं होतं. आधी आखलं, मग रस्ते-गटारं केली, मग माणसं आणली.

आणि हेच मोठ्या प्रमाणावर कुठे झालं? नवी मुंबईत. कॅन्टीनच्या वादात जिचं नावसुद्धा कोणी घेत नाही, कारण तिथे म्हणे 'काही कॅरेक्टर नाही'.

साठच्या दशकाच्या मध्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेकडे अशीच लांबत गेली तर मरेल, खाडीपलीकडे नवं शहर करा. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नोड पाडले, नोडमध्ये सेक्टर, खाडीच्या भरतीचं पाणी सांभाळायला धारण तलाव. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल गेली, त्या रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला. हे नीट वाचा. शहर बांधणाऱ्याने रेल्वेचे पैसे भरले, कारण रेल्वेशिवाय शहर विकलं जाणार नाही हे त्याला कळत होतं. आणि नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण! नेरूळ-वाशीत राहणाऱ्या कुणालाही विचारा, टँकरचं बिल हा प्रकार त्यांना समजावून सांगावा लागतो. निम्म्या पगारात सीवूड्सचं भाडं परवडत नाही, पण कोपरखैरण्याच्या सिडकोच्या लहान घरात माणूस राहतो, लोकलने जातो, नळाचं पाणी पितो. माझ्या टेस्टमध्ये राज्यातलं सगळ्यात जास्त शिल्लक राहणारं शहर हेच.

फुकट झालं नाही ते. ९५ गावांच्या जमिनी गेल्या, कवडीमोलाने गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आणि आज खारघर-तळोज्याच्या टोकाला जा, तिथेही पाण्याची बोंब सुरू झालीच आहे, कारण तिथे पुन्हा टॉवर आधी आणि पाइप नंतर. म्हणजे नवी मुंबई हळूहळू पुणं व्हायला लागलीये.

माझा खरा राग यावर आहे की १९७० नंतर या राज्याने असं दुसरं शहर बांधलं नाही. हजारो कोटींचे रस्ते बांधले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, छान आहे. पण तो माणसाला गावी लवकर पोचवतो ते दोन दिवसांसाठी. रविवारी रात्री लवकर परतही आणतो. शहर बांधायला पन्नास वर्षांची चिकाटी लागते आणि रस्त्याची फीत पाच वर्षांत कापता येते, एवढं साधं गणित आहे.

आणि चिकाटी कोणाला विचारणार? पुणे-मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संभाजीनगरची तर एप्रिल २०२० मध्येच. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. एवढी वर्षं राज्यातली सगळी मोठी शहरं प्रशासकाच्या हाती होती, आणि आपल्यापैकी किती जणांना हे जाणवलं? आपल्या सोसायटीत क्लबहाउसच्या चाव्यांवरून तीन तास मीटिंग चालते हो. चेअरमनला घाम फुटतो. पण नगरसेवक नाही हे चार वर्षं कळत नाही, कारण आपलं पाणी टँकरवाला देतो, सुरक्षा एजन्सी देते, रस्ता ॲप दाखवतं. मतदानाच्या दिवशी सुट्टी होती. आमच्या टीममधल्या अकरा जणांपैकी सात जणांची नावं गावाच्या यादीत. गुरुवार होता, शुक्रवार टाकला की चार दिवस. लोणावळ्याला म्हणे ट्रॅफिक जॅम होता.

'मग तू फ्लॅट कुठे घेणार?' असं परवा एकाने विचारलं. मला बिल्डरचं ब्रोशर देऊन, वर 'तेराव्या मजल्यावरून सिंहगड दिसतो' असं सांगून. मी सेल्सच्या मुलाला फोन लावला आणि विचारलं, महापालिकेचं नळ कनेक्शन आहे का? तो म्हणाला, सर, प्रपोज्ड आहे. बसस्टॉप किती लांब? सर, तुमच्याकडे कार पार्किंग दोन येतात. ड्रेनेज लाइन? सर, एसटीपी आहे, वर्ल्ड क्लास आहे. मी म्हटलं, आई सत्तरीला आली की तिला औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाता येईल का, मधे फुटपाथ आहे का? यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, 'सर, औषधं तर आता दहा मिनिटांत घरी येतात ना.'

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तू ये तर खरं इकडे, दुकान गल्लीच्या टोकालाच आहे. फक्त बुधवारी येऊ नको, पाण्याचा दिवस आहे.